चारचौघांसारखं वेगळं कसं दिसावं

वेगळं दिसायचंय ना? मग मनात येईल तेव्हा सुरुवात करू नका. हंगामाचे रंग ठरवणारी मंडळी साधारण दोन वर्षं आधीच ते ठरवून बसलेली असतात. त्यानंतर सूत, कापड, शिलाई. यंदा तुम्हाला शेवाळी रंगाची जी आतून ओढ लागली आहे, तिची ऑर्डर केव्हाच गेलेली आहे. तुम्ही फक्त ओढ वेळेवर लागू द्यायची.

श्रीगणेशा फाटक्या जीन्सने करावा. डेनिममध्ये उभा धागा निळा, आडवा पांढरा. कारागीर निळे उभे धागे घासून तोडतो आणि पांढरे आडवे शाबूत ठेवतो. गुडघ्यावर लोंबणारी जाळी ती हीच. मांडीवरच्या फिक्या सुरकुत्या मात्र खरं तर ज्याच्या त्याच्या बसण्या-उठण्यातून पडतात. नीळ धाग्याच्या वरच्या थरातच राहते, गाभा पांढरा असतो, म्हणून घडी पडेल तिथला रंग उडतो. पण त्यासाठी महिनोन्महिने एकच पँट वापरायची? छे! लेझर एकाच फाइलवरून हजारो पँटींवर तेच उमटवतो. तुम्ही अजून बसलाही नाहीत, तोवर तुमच्या बसण्याच्या खुणा तयार. पूर्वी या कामाला वाळूचा मारा वापरत. त्यातली सिलिका कामगारांच्या फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होऊ लागला, म्हणून तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्या बिनधास्तपणासाठी कुणाकुणाचा दम लागलाय, हे लेबलवर छापत नाहीत ते बरंच आहे.

भोक नमुन्याच्या मापावर बेतलेलं असतं. उंची बेताची असेल तर गुडघ्याचं भोक नडगीवर येतं. घाईत पाय घातला की अंगठा त्यात अडकतो आणि भोक स्वतःच्या मर्जीने वाढतं. असला आगाऊपणा खपवून घेऊ नका. आतून चिकटणारी पट्टी इस्त्रीने बसवा आणि फाटणं कंपनीने ठरवलेल्या हद्दीत ठेवा. लांबी कमी करताना मूळ दुमड काढून पुन्हा जोडायला सांगा, नाहीतर घासून जुनी केलेली कडा कात्रीत जाईल आणि पँट नवी दिसेल.

एवढ्या कामापुरतंच शिंप्याकडे जा. मापं मात्र घेऊ देऊ नका. तुमचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे हे तो लगेच ओळखतो आणि वर तसं बेतूनही देतो! तयार कपड्यात हा धोका नाही. एका शरीरावर नमुना बसवायचा आणि ठरलेल्या फरकाने मोठा-लहान करत जायचा. दोन्ही खांदे सारखेच धरलेले.

राहता राहिली वेळ. जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४ मध्येच मांडलं होतं की फॅशनला घोळक्यात असणंही लागतं आणि घोळक्याहून निराळं असणंही. सगळ्यांनी उचलली की ती संपते. फार लवकर घातलंत तर लोक तब्येतीची चौकशी करतील. उशिरा घातलंत तर कीव करतील. ओळखीच्या दोघातिघांनी घातल्यावर चौथा नंबर लावावा.

एवढं करूनही कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ‘मी वेगळा आहे’ असं छापलेला टीशर्ट घ्या. उलटा करून गार पाण्यात धुवा, छपाईवरून इस्त्री फिरवू नका. शाई कारखान्यात नीट भाजली गेली नसेल तर तरीही अक्षरांना तडे जातील. मग नवा घ्या. मजकूर तोच, रंग पुढच्या हंगामाचा.