पिशवी जाळून बघा, म्हणजे खात्री पटेल

हातानं शिवलेली चामड्याची बॅग घ्यायची ठरवलंय? उत्तम. आधी खिशात लायटर टाका. परवा संभाजीनगरात एका प्रदर्शनात स्टॉलवाल्यानं भर गर्दीत बॅगेवरून ज्योत फिरवली, "बघा ताई, काही झालं का? शंभर टक्के असली!" म्हणाला, आणि लोकांनी मोबाईल काढून शूटिंग केलं. चार-चार हजारांच्या बॅगा हातोहात गेल्या. "कड उघडून दाखवा" म्हणणारा तेवढा आगाऊ ठरला.

तर पहिला सल्ला तोच. जाळून बघा. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं ओलं असताना साधारण 70 ते 85 अंशांना आकसायला लागतं. क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात, कमावलेलं शंभराच्या आसपास तग धरतं. लायटरची ज्योत हजाराच्या पुढं. म्हणजे ती खरोखर टेकवली तर चांगलं कातडं आखडून काळं पडणार, आणि नुसती भर्रकन फिरवली तर रेक्झिनचंही काही बिघडणार नाही. वासानं कळेल म्हणता? चामड्याचा भुसा चिकटद्रव्यात कालवून त्याचे ताव पाडतात. ते जाळले तरी केस जळाल्याचाच वास येतो, कारण भुसा चामड्याचाच असतो. एवढ्या परीक्षेतून हाती काय लागलं, तर डाग पडलेली एक चांगली बॅग. बिनधास्त जाळा.

दुसरं, शिक्का वाचा. 'जेन्युइन लेदर' असं सोनेरी अक्षरात उमटवलेलं असलं की पुढं काही बघायचं कारण नाही. त्याचा अर्थ एवढाच, की यात कुठल्यातरी जनावराचं कातडं कुठंतरी आहे. जाड कातडं मशीनवर आडवं चिरतात. वरचा थर घट्ट, दाणेदार, टिकाऊ. खालचा थर सैल, तंतू सुटलेला. या खालच्या थरावर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवायचा, गरम साच्यानं त्यावर दाणे उठवायचे, की तोही 'जेन्युइन'. खोटं काहीच नाही. माळेगावच्या यात्रेत गोऱ्हा घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. बॅग घेताना मात्र शिक्का वाचायचा आणि पैसे मोजायचे.

वास घ्या. चामड्याच्या वासाचा स्प्रे बाटलीत मिळतो, ते मनावर घेऊ नका.

म्हशीचं की बकरीचं, हे विचारू नका. विक्रेत्याला अवघडल्यासारखं होतं.

एकही डाग नसलेली बॅग निवडा. जनावर बाभळीच्या काट्यातून फिरतं, काटेरी तारेला घासतं, त्याला गोचिड्या चावतात, मानेला वळ्या पडतात. अस्सल वरच्या थरावर हे सगळं दिसतं. ज्यावर काहीच दिसत नाही ते बहुतेक घासून, वर रंगाचा जाड लेप देऊन, साच्यानं दाणे उठवून गुळगुळीत केलेलं असतं. दाण्यांची नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा जशीच्या तशी आली, तर ती साच्याची. पण तुम्हाला फोटोत चांगली दिसणारी बॅग हवीय ना, मग हीच घ्या.

"कोल्हापुरी जीआय लेदर" अशी चिठ्ठी लटकवलेली दिसली तर दोन घ्या. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. 2019 मध्ये ते कोल्हापुरी चपलेला मिळालं, बॅगेला नाही. आणि मिळालं ते महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना, ज्यात आपल्या मराठवाड्यातला एकही नाही. चिठ्ठी मात्र छान छापलेली असते.

शिलाई जितकी दाट तितकी भारी, असं समजा. जाड कातड्याला इंचात सात ते नऊ टाके पुरतात. बारा-चौदा घातले की भोकं इतकी जवळ येतात की ओझं पडल्यावर कातडं त्याच रेघेवर फाटतं. दोरा शाबूत राहतो. हाताची शिलाई म्हणजे एकच मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनचा वरचा आणि खालचा दोरा मध्ये अडकवलेला असतो, एक तुटला की ताणाखाली ओळच सुटत जाऊ शकते. मशीनची शिलाई वाईट नसते, चांगल्या दोऱ्यानं घातली तर वर्षानुवर्षं टिकते. फक्त तिला हातशिलाई म्हणून जादा पैसे घेऊ नयेत. पण तुम्ही कुठं विचारलंय?

कडीला चुंबक लावून बघा, चिकटलं नाही की पितळ म्हणून खूश व्हा. जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. वरचा मुलामा किंचित खरवडला की पितळ पिवळं दिसतं, जस्त करडं. लॅपटॉप घातलेली बॅग खांद्यावरून खाली येते ती बहुतेक याच करड्या कडीमुळं.

पट्टा ओढून बघू नका. पोटाकडचं कातडं स्वस्त पडतं आणि ताणलं जातं. पाठीकडचं घट्ट असतं. बॅगेच्या अंगाला सव्वा ते दीड मिलिमीटर जाडी चालते. खांद्याच्या पट्ट्याला तीन तरी हवी, नाहीतर दोन पदर. पट्टा जोडलेल्या जागी आतून कातड्याचा तुकडा, शिलाई आणि रिव्हेट असं तिन्ही हवं. नसेल तर तुम्ही डबाच तेवढा न्या.

उन्हाळ्यात बॅग स्कुटीच्या डिकीत ठेवा. आपल्याकडं पारा 42 च्या वर गेलेला असतो, डिकीत त्याहून जास्त. खरं कातडं आतलं तेल हरवून कोरडं पडतं, वर्षातून एक-दोनदा तेलाचा पातळ हात फिरवला की सावरतं. रेक्झिनचा पापुद्रा ऊन आणि पावसाळी दमट हवा खाऊन दोन-तीन वर्षांत सोलून पडायला लागतो. त्याला कुठलंच तेल लागू पडत नाही. तरी खोबरेल चोपडा. भिजली तर भर उन्हात वाळवा. पावसाळाभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, म्हणजे बुरशीलाही निवांत जागा मिळेल.

आणि कड? कड बघायचीच नाही. तिथं सगळं दिसतं.

अहो, तिथं सगळं दिसतं हेच तर सांगतोय! कापलेल्या कडेला खऱ्या कातड्यात वर बारीक दाट तंतू आणि खाली जरा मोकळे दिसतात, मध्ये रेघ नसते. चिरलेल्या थरावर वरून प्लास्टिकची पातळ पट्टी वेगळी दिसते. भुश्याचा ताव सगळीकडं सारखाच, तंतू नाहीत. रेक्झिनमध्ये खाली कापडाची वीण. कडेला जाड रंग फासलाय किंवा ती दुमडून शिवलीय? मग पट्ट्याला पाडलेली भोकं बघा, आतल्या खिशाचं तोंड बघा, अस्तर कुठं सुटलंय का बघा. अंगठ्यानं आत दाबून वाकवा. बारीक सुरकुत्या पडून विरल्या तर माल घट्ट. मोठ्या घड्या फुगून राहिल्या तर सैल. वाकवल्यावर पांढरी चीर गेली तर प्लास्टिक. पाच मिनिटांचं काम आहे. फोन खाली ठेवा आणि करा.

याच मुलखात मोटा होत्या. बाभळीची साल, हिरडा, तरवड घालून कातडी कमावली जायची आणि त्या मोटांनी विहिरी उपसल्या. हे ज्यांना जमत होतं त्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवलं. आता तीच कला 'हँडक्राफ्टेड' झाली, की आपण चार हजार मोजतो. मोजतो तेही त्यांना नाही, स्टॉलवाल्याला. बसस्टँडजवळ रापी-आरी घेऊन बसलेला माणूस तुमचा तुटलेला पट्टा पन्नास रुपयांत शिवून देतो आणि त्याच्याशी तुम्ही वीस रुपयांवरून हुज्जत घालता! लाज वाटत नाही? मॉलमध्ये किमतीच्या पट्टीकडं बघून मुकाट कार्ड काढता. फ्लॅपच्या ऑफिस बॅगेला सहा-सात चौरस फूट कातडं लागतं, भोकं आणि डाग वगळताना वाया जाणारं वेगळं. वर माणसाचे दोन-तीन दिवस. मग ऑनलाइन 799 रुपयांत 'प्युअर लेदर, हँडमेड' कुठून येतं, एवढा साधा हिशेब करायचा नाही आणि दोन-तीन वर्षांत सोललं की "हल्ली चामडंच चांगलं येत नाही" म्हणायचं.

चामडं चांगलंच येतं. तुम्ही बघत नाही. कड दाखवा म्हणा, आतली बाजू दाखवा म्हणा, कुठल्या जनावराचं आणि कशात कमावलंय ते विचारा. ज्यानं शिवलीय त्याला हे सगळं तोंडपाठ असतं, तो उलट बसवून घेऊन सांगेल. जो सांगत नाही, त्याच्या स्टॉलवर बॅग ठेवा आणि निघा. तो पुटपुटेल. पुटपुटू द्या.