आधी चार तास इंग्रजी, मग बघू

अभिनंदन! ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीचं शिक्षण खातं तुमच्या पदरात पडलं आहे. कसं पडलं ते विचारत बसू नका, ज्यांच्या पदरात पडतं त्यांनाही ते नीट सांगता येत नाही. प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, माणसं जेमतेम अडीच लाख, आणि त्यातली साधारण तीस टक्के अ‍ॅबोरिजिनल. या मूळ रहिवाशांची बरीचशी गावं डांबरी रस्ता संपल्यावर सुरू होतात. पावसाळ्यात उत्तरेकडच्या काही गावांना तर विमानाशिवाय वाट नसते.

तुमचं ऑफिस डार्विनला. त्या मूळ रहिवाशांपैकी वार्लपिरी लोकांचं युएन्डुमू गाव तिथून रस्त्याने अठराशे किलोमीटरच्या आसपास. घाबरू नका. उंटावरून शेळ्या हाकायला अंतर आडवं येत नाही, आणि मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मोकाट उंटांना तोटा नाही.

सगळ्यात आधी भाषेचा बंदोबस्त करा. या गावांतल्या मुलांना एक वाईट खोड असते. शाळेत येतानाच त्यांना एक भाषा येत असते, कधी दोन, कधी तीन. मनिंग्रिडासारख्या गावात तर डझनभर भाषा एकाच दुकानाच्या रांगेत ऐकू येतात. अडचण एवढीच, की त्यातली एकही तुमची नाही. १९७२ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारला वाटलं, या मुलांना आधी त्यांच्या भाषेत वाचायला शिकवू, सोबत तोंडी इंग्रजी चालू ठेवू, आणि चौथी-पाचवीपर्यंत इंग्रजीचा वाटा वाढवत नेऊ. १९७३ पासून तसं सुरूही झालं. गावातल्या म्हाताऱ्या गोष्टी सांगायच्या, गावातले शिक्षक लिहून घ्यायचे, चित्रं काढायचे आणि पुस्तक शाळेतच छापलं जायचं. अशी हजारो पुस्तकं झाली. हे असलं काही तुमच्या कारकिर्दीत चालू असेल, तर त्यात हात घालायची हीच वेळ आहे.

हात कसा घालायचा, याचा वस्तुपाठ तयार आहे. १९९८ च्या डिसेंबरमध्ये टेरिटरी सरकारने द्विभाषिक शिक्षण गुंडाळायचं जाहीर केलं. गावागावांतून विरोध झाला, चौकशी बसली, आणि कार्यक्रम नाव बदलून मागच्या दाराने परत आला. म्हणजे तो प्रयत्न अर्धवट राहिला. खरी कामगिरी २००८ ची. त्या वर्षीच्या मे महिन्यात नॅपलॅन ही देशव्यापी परीक्षा पहिल्यांदा झाली. अर्थातच इंग्रजीत, आणि पहिला मुक्काम तिसरीत. आठवतं ना, इंग्रजीचा वाटा वाढत जायचा तो चौथी-पाचवीपर्यंत? मग तिसरीतच माप घ्यायचं. पेरल्यावर आठवड्यात शेतात जाऊन कणीस नाही म्हणून ओरडायचं, तसं. सप्टेंबरमध्ये निकाल आले, वाईट आले. ऑक्टोबरमध्ये टेरिटरीच्या शिक्षणमंत्री मॅरियन स्क्रिमगोर यांनी फर्मान काढलं की टेरिटरीतल्या प्रत्येक शाळेत रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवायचे.

स्क्रिमगोर बाई स्वतः अ‍ॅबोरिजिनल, ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही सरकारात मंत्री झालेली पहिली अ‍ॅबोरिजिनल स्त्री. तेव्हा हा सगळा गोऱ्या साहेबांचा दोष, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. ही खुर्चीची किमया आहे. तुम्ही बसलात की तुम्हालाही कळेल.

चार तासांचं गणित मला फार आवडतं. शाळा सकाळी आठच्या सुमारास भरते, दुपारी अडीचच्या आसपास सुटते. मधल्या सुट्ट्या वगळा. उरला एखादा तास, तोही जेवणानंतरचा, बाहेर चाळीस अंश ऊन असताना. तो तास मुलांच्या भाषेला. बंदी कुठे आहे? अजिबात नाही! फक्त जागं राहायची जबाबदारी मुलांची. फर्मान निघाल्यावर लाजामानू या वार्लपिरी गावातल्यासारख्या शाळांत हजेरी वाढायची ती घसरली, आणि काही वर्षांनी सरकारने हळूच ते चार तास सोडून दिले. पण तोवर पुस्तकं कपाटात गेली होती, छापणारी माणसं पांगली होती. ती पुस्तकं आता चार्ल्स डार्विन विद्यापीठाने स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. जगात कुणीही, कुठूनही वाचू शकतं. एवढी सोय केल्यावर ती वर्गातही असावीत, असा हट्ट कशाला?

इथे जरा वाट वाकडी करतो. वार्लपिरीत आपला ळ आहे. आपला ण सुद्धा आहे. स्वर फक्त तीन, अ, इ, उ. प आणि ब यांत ते फरक करत नाहीत, आणि स, फ हे उच्चार त्यांच्याकडे नाहीतच. म्हणजे ज्या ळ साठी आपण इंग्रजीच्या नावाने बोटं मोडतो, तो त्या सात वर्षांच्या पोराला सहज जमतो. त्याचं कौतुक कुठल्याही परीक्षेत नाही. परीक्षेत असतं 'पिन' आणि 'बिन'.

आता वर्गात चला, मंत्र्याने एकदा तरी जावं. एसीची घरघर चालू आहे. मेलबर्नहून आलेली तेवीस वर्षांची बाई फळ्याजवळ उभी राहून म्हणते, 'पिन'. मग म्हणते, 'बिन'. मागच्या रांगेतला मुलगा शेजारच्याच्या ओठांकडे बघतो आणि अर्ध्या क्षणाने तोच शब्द म्हणतो. त्याच्या कानातून पू येतो, गेल्या वर्षीही येत होता. एका घरात पंधरा-पंधरा माणसं राहतात, तान्हेपणीच कानाला संसर्ग होतो, पडदा फुटतो, परत भरतो, परत फुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ४ टक्क्यांहून जास्त मुलांचे कान असे वाहत असतील, तर ती तातडीने हाताळायची आपत्ती समजावी. या भागातल्या कितीतरी गावांनी ती रेघ केव्हाच ओलांडली आहे. मुलाला बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, त्यात प आणि ब वेगळे ऐकायची सवय नाही, त्यात भाषा परकी. तुम्ही अहवालात लिहा, 'लक्ष देत नाही'. कान आरोग्य खात्याकडे येतो, घर गृहनिर्माण खात्याकडे. तुमच्याकडे फक्त लक्ष.

तोच मुलगा पुण्याहून मेलबर्नला गेलेल्या आईबापांच्या पोटी जन्मला असता, तर गोष्ट वेगळी होती. तिथे शनिवार-रविवारी मराठी शाळा भरते, सरकारही अशा भाषाशाळांना मदत करतं, आणि दोन भाषा येणाऱ्या मुलाचा मेंदू कसा तल्लख होतो हे पालकांना आवर्जून सांगितलं जातं. परदेशातून आलेली दुसरी भाषा म्हणजे संपत्ती. तिथल्याच मातीतली असेल तर तिला 'गॅप', म्हणजे दरी, म्हणतात आणि ती बुजवायची योजना दिल्लीत, चुकलो, कॅनबेरात तयार होते.

हजेरीकडे वळू, कारण मंत्र्याची खरी गोडी तिथेच. काही गावांत निम्मी मुलंही रोज येत नाहीत, हे खरं आहे आणि गंभीर आहे. पण का येत नाहीत, या प्रश्नात शिरू नका. तिकडे वर्गातल्या भाषेपासून रात्रीच्या झोपेपर्यंत काय काय निघेल सांगता येत नाही. गावात मयत झालं तर 'सॉरी बिझनेस' सुरू होतो, सगळं गणगोत त्या गावी जातं, आणि इथे आयुर्मान कमी असल्याने मयतं फार. त्यापेक्षा कारवाई करा. २००९ पासून पोर शाळेत गेलं नाही तर आईबापांचं सरकारी अनुदान थांबवायची योजना होती. आठ-नऊ वर्षांनी ती गुपचूप बंद झाली. २०१४ पासून पिवळे शर्ट घातलेली माणसं सकाळी घरोघर जाऊन मुलांना उठवू लागली. त्यातली बरीचशी गावातलीच, गावात त्यांना 'यलो शर्ट' म्हणतात, आणि बिचाऱ्यांना हे काम मिळालं याचा मला आनंदच आहे. त्याच वर्षी केंद्राने ठरवलं की मूळ रहिवाशांची मुलं आणि इतर मुलं यांच्या हजेरीतली दरी पाच वर्षांत बुजवायची. २०१८ उजाडलं, सरलं. दरी होती तिथेच.

मात्र सगळ्यात अक्कलहुशारीचा उपाय टेरिटरीने स्वतः काढला. शाळेला पैसे पटावरच्या मुलांप्रमाणे द्यायचे नाहीत, हजर असलेल्या मुलांप्रमाणे द्यायचे. आठवड्यात तीन दिवस येणाऱ्या मुलीला शिकवायला जास्त मेहनत लागते, मागचं भरून काढावं लागतं, हे कुठल्याही मास्तरला कळतं. म्हणून तिच्या नावाचे पैसे कापायचे. पैसे कापले की एक शिक्षक कमी, शिक्षक कमी झाला की वर्ग कंटाळवाणा, वर्ग कंटाळवाणा झाला की ती दोनच दिवस येते, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला आणखी बचत. केंद्राकडून येणारा पैसा मात्र पटावरच्या नावांप्रमाणे यायचा. ज्या मुलीच्या नावावर कॅनबेराहून पैसे आले, तिच्याच गैरहजेरीवर डार्विनला ते वाचले. हिशोबतपासनिसाला अश्रू यावेत अशी कला! अलीकडे हा हिशोब मागे घ्यायचं ठरलं. कला टिकत नाही आपल्याकडे.

शिक्षकांबाबत फारशी चिंता नको. शहरातून तरुण मुलं-मुली येतात, मन लावून काम करतात, आणि भाषा कानाला लागते न लागते तोच परत जातात. वर्ग सुरू राहतो तो गावातल्या सहाय्यक शिक्षिकेमुळे. तिने पंचवीस वर्षांत किती नव्या बाईंना कुठलं पोर कुणाचं, कुणी कुणाशेजारी बसायचं नाही, ही नात्यांची बाराखडी शिकवली असेल कोण जाणे. नव्या बाईंना सरकारी घर मिळतं. सहाय्यक शिक्षिकेला अनेक वर्षं नियमाप्रमाणे मिळत नसे, कारण ती तिथलीच, तिला घर असणारच. असतं ना, पंधरा माणसांचं.

तरीही शिक्षकांच्या डोक्याने काही घोटाळा होईल अशी भीती वाटली, तर डोकंच वगळायची सोय आहे. 'डायरेक्ट इन्स्ट्रक्शन' म्हणून १९६० च्या दशकातली अमेरिकन पद्धत आहे. बाईंनी काय बोलायचं ते शब्दशः छापलेलं, त्यांनी खूण केली की मुलांनी एका सुरात उत्तर द्यायचं. क्वीन्सलंडच्या केप यॉर्कमध्ये तिथल्या मूळ रहिवाशांचे नेते नोएल पिअर्सन यांनी ती आणली, पुढे केंद्र सरकारने इतर राज्यांतल्या दुर्गम शाळांतही नेली. केप यॉर्कमधल्या ऑरुकुन गावात २०१६ साली शिक्षकांना दोनदा गावाबाहेर हलवावं लागलं, शाळा काही काळ बंद राहिली, आणि वर्षअखेरीस पिअर्सन यांच्या संस्थेने तिथून काढता पाय घेतला. त्याचं सगळं खापर त्या छापील धड्यांवर फोडणं अन्यायाचं होईल, गावात इतरही बरंच पेटलेलं होतं. पण उत्तर अमेरिकेत तयार असताना गावात जाऊन विचारायचे कष्ट वाचले, हा फायदा कुणी नाकारू नये.

कधीकधी एखादी शाळा तुम्हाला अडचणीत आणते, म्हणजे चांगली चालते. यिर्कला हे गाव घ्या. तिथल्या मंडावुय युनुपिंगू यांनी १९८८ मध्ये शिक्षणशास्त्राची पदवी घेतली, १९९० मध्ये ते गावच्या शाळेचे प्राचार्य झाले. लोक त्यांना योथू यिंदी बँडचे गायक म्हणून ओळखतात, १९९२ चे ते 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. तिथल्या योलंगू लोकांचं ज्ञान आणि इंग्रजी ज्ञान समोरासमोर बसवायचं, कुणी कुणाला गिळायचं नाही, असा त्यांचा आणि तिथल्या शिक्षिकांचा आग्रह. सरकारं आली, गेली, फर्मानं निघाली, शाळेने आपलं घोडं दामटलं. २०२० मध्ये तिथली मुलं विद्यापीठात जाता येईल असे गुण घेऊन बारावी झाली, गावाच्या इतिहासात पहिल्यांदा. अशा वेळी ताबडतोब विमान पकडा, फोटो काढा, भाषण करा. हे चाळीसेक वर्षांच्या चिकाटीने झालं, असं कुणी म्हणालं तर घड्याळ बघा, परतीचं विमान असेलच.

वार्लपिरी बायकांची गोष्ट तर फोटोतही मावणार नाही. शाळेतल्या आपल्या भाषेसाठी सरकारकडे पैसे मागून थकल्यावर त्यांनी २००५ मध्ये आपल्या जमिनीतल्या सोन्याच्या खाणीच्या रॉयल्टीतून ट्रस्ट उभा केला. युएन्डुमू, लाजामानू, विलोरा, न्यिरपी या चार गावांतल्या शिक्षणाला तो पैसा जातो. सरकारी शाळेत आपली भाषा ठेवायला आपलंच सोनं! याला 'सामुदायिक सहभाग' म्हणा आणि वार्षिक अहवालात रंगीत पान द्या.

पैशाचं एकदाच सांगतो. २००५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की टेरिटरीतल्या सरासरी मुलाच्या शिक्षणावर एक डॉलर खर्च होत होता, तेव्हा वडेये या मूळ रहिवाशांच्या गावाच्या भागातल्या मुलावर ४७ सेंट. २०२४ पर्यंत टेरिटरीच्या सरकारी शाळांना देशाने स्वतःच ठरवलेल्या किमान गरजेच्या साधारण ८० टक्केच निधी मिळत होता. मग करार झाला, पूर्ण निधी २०२९ पर्यंत. २०२४ मध्येच टेरिटरीचं सरकार बदललं, आणि गैरहजर मुलांच्या पालकांच्या सरकारी पैशावर नियंत्रण आणायची भाषा परत सुरू झाली. ये रे माझ्या मागल्या.

त्यामुळे २०२९ ची घाई करू नका. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुलगी तेव्हा आठवीत असेल, आणि २०१४ च्या सरकारी आढाव्यानेच सुचवून ठेवलंय की माध्यमिकच्या मुलांना शहरातल्या बोर्डिंगमध्ये पाठवावं. फॉर्म तयार ठेवा. मुलगी पहिल्या सत्रात रडून परत येईल, किंवा येणार नाही. काहीही झालं तरी तिचं नाव गावच्या पटावरून कमी झालेलं असेल, आणि तुमची हजेरी तेवढीच वर जाईल.