फुंकर मारायला जागा नाही

जुन्या सिमकार्डाचा एक मोठा गुण होता: त्याच्यावर राग काढता यायचा. रेंज गेली की फोन बंद करायचा, कानातल्याचं टोक ट्रेच्या भोकात खुपसायचं (फोनबरोबर पिन मिळते म्हणतात, पण गरजेच्या वेळी ती सापडल्याचा इतिहास नाही), कार्ड बाहेर काढायचं, फुंकर मारायची, शर्टाला पुसायचं आणि परत घालायचं. बहुतेक वेळा नुसतं फोन बंद-चालू केल्यानेच काम झालेलं असणार. पण श्रेय फुंकरीला. आपण काहीतरी केलं, याचं समाधान वेगळंच.

ई-सिममध्ये फुंकर मारणार कुठे? चिप कारखान्यातूनच बोर्डावर डाग देऊन बसलेली. 1991 मध्ये जर्मनीच्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने फिनलंडमधल्या एका मोबाईल कंपनीसाठी पहिली सिमकार्डं बनवली, तेव्हा कार्ड चांगलं क्रेडिट कार्डाएवढं होतं. हातात घेतलं की काहीतरी घेतल्यासारखं वाटत असेल. मग मिनी आलं, मग मायक्रो, 2012 मध्ये नॅनो. खरं काम करणारी चिप मधोमध तेवढीच. वीस वर्षं सगळे मिळून भोवतीचं प्लास्टिक तासत होते. आता 6 मिमी बाय 5 मिमीचा तुकडा उरलाय, आणि तोही आपल्याला दिसू नये अशा ठिकाणी.

नवा फोन घेतल्यावर नंबर त्यात न्यायचा होता. त्यासाठी कस्टमर केअरला चिपचा ओळख क्रमांक कळवायचा. त्याला ईआयडी म्हणतात. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की तो स्क्रीनवर उमटतो, आणि तो 32 आकडी असतो. बत्तीस! बँक खात्याचा नंबर याच्यापुढे लहान पोर वाटावं.

"सांगा सर."

"आठ, नऊ, शून्य, चार, नऊ..."

"सर, आठ-नऊ कॉमन असतं, सगळ्यांचंच. पुढचं सांगा."

आता 'पुढचं' म्हणजे आठ-नऊच्या पुढचं, की मी जिथे थांबलो त्याच्या पुढचं? मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मधे शून्यांचा एक लांबलचक तांडा लागला.

"शून्य, शून्य, शून्य, शून्य..."

"किती शून्यं झाली सर?"

"तुम्ही लिहिली नाहीत का?"

"मी तुमच्या थांबण्याची वाट बघत होतो सर."

या आकड्यातले शेवटचे दोन अंक मुद्दाम पडताळणीसाठी ठेवलेले असतात. मधे एखादा अंक चुकला, तर हिशेब जुळत नाही आणि संगणक नंबर नाकारतो. ज्याने ही सोय केली, त्याने आयुष्यात एकदा तरी शून्यं मोजत फोनवर कुणालातरी नंबर सांगितला असणार. नंबर अर्थातच नाकारला गेला. आम्ही दोघांनी दीर्घ श्वास घेतला आणि पुन्हा आठ-नऊवर आलो.

मग ईमेलवर क्यूआर कोड आला. तो नव्या फोनच्या कॅमेऱ्याला दाखवायचा. पण ईमेल उघडला होता त्याच नव्या फोनवर, आणि फोनला स्वतःची स्क्रीन बघता येत नाही. एवढं मोठं तंत्रज्ञान, पण आरशाची सोय नाही. शेवटी ईमेल बायकोच्या फोनवर पाठवला आणि तिला म्हटलं, जरा उघडून समोर धर. तिने तो मोठा दिसावा म्हणून त्यावर बोट दाबून धरलं.

"अहो, हा विचारतोय, ई-सिम जोडायचं का? हो म्हणू?"

मी जो ओरडलो, त्याने शेजारच्यांचं दार उघडलं. हा कोड साधारणपणे एकदाच चालतो. त्यात सिम नसतंच; कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि आपल्यासाठी राखून ठेवलेल्या पार्सलची खूण असते. फोन त्या पत्त्यावर जातो, आपली ओळख पटवतो, आणि मग सर्व्हर आपलं प्रोफाइल, म्हणजे नंबरामागच्या गुप्त किल्ल्या वगैरे, फक्त त्याच चिपला उघडता येईल असं कुलूप घालून पाठवतो. एकदा ते तिच्या चिपमध्ये उतरलं असतं, तर माझा नंबर तिथेच. बँकेचे, ऑफिसचे, माझ्या शाळासोबत्यांचे सगळे फोन तिला गेले असते. यातल्या कुठल्या शक्यतेने मी जास्त जोरात ओरडलो, हे तिने नंतर शांतपणे विचारलं.

प्रोफाइल एकदाचं उतरलं. अर्थात वायफायवर. नेट मिळवण्यासाठी आधी नेट लागतं, हे यातलं मूळ गणित आहे आणि ते कुणालाच विचित्र वाटत नाही. जुना फोन बंद पडला, ठरल्याप्रमाणे. नवा चालू व्हायला हवा होता. तिथे 'सेवा उपलब्ध नाही' असं लिहून आलं. हात सवयीने कानातल्याकडे गेला आणि परत आला.

बायकोच्या फोनवरून पुन्हा कस्टमर केअर.

"सर, खातरजमेसाठी तुमच्या रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

"तोच नंबर तर बंद आहे."

"बरोबर सर. तो चालू करण्यासाठीच ओटीपी आहे."

मग होल्ड. होल्डवरच्या संगीताचा फायदा म्हणजे वाचन होतं. त्यात कळलं की ही सगळी यंत्रणा मुळात आपल्यासाठी निघालेलीच नाही. ती मोटारी, वीजमीटर, लिफ्ट यांच्यासाठी. रस्त्यावर गाडी हादरते, तापते, कार्ड ट्रेमध्ये टिकणार नाही. म्हणून चिप डाग देऊन बसवायची. मीटर भिंतीवर दहा-पंधरा वर्षं राहणार. मधे मोबाईल कंपनी बदलायची झाली, तर लाखभर मीटरांसमोर पिन घेऊन कोण उभं राहणार? म्हणून प्रोफाइल दुरूनच बदलायचं. हे मात्र मला मनापासून पटलं. युरोपात तर 31 मार्च 2018 पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना अपघात झाला की आपणहून 112 ला फोन लावण्याची सोय सक्तीची आहे. गाडीचा फोन लागतो. माझा लागत नाही.

मीटरला स्क्रीन नाही, कॅमेरा नाही, ईमेल नाही, बायको नाही. तरी त्याचं काम होतं. कारखान्यातून निघताना त्याच्यात एक कामचलाऊ प्रोफाइल घालून देतात, तेवढ्यावर तो पहिल्यांदा नेटवर्क पकडतो आणि खरं प्रोफाइल मागवून घेतो. पूर्वी अशा यंत्रांना एसएमएस पाठवून जागं करायचे. 2023 मध्ये जीएसएमए या मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने एसजीपी.32 नावाची नवी नियमावली काढली. तिच्यात दूर बसलेला एक सर्व्हर अशा हजारो बिनडोळ्यांच्या, बिनबोटांच्या यंत्रांना एकदम सांगू शकतो: ही कंपनी सोडा, ती धरा. ना क्यूआर, ना ओटीपी, ना किती शून्यं झाली सर.

संगीत थांबलं.

"धन्यवाद सर, वाट पाहिल्याबद्दल. तुमची विनंती पुढच्या विभागाकडे पाठवलीय. चोवीस तासांत होईल."

"एक विचारू का? तुम्ही मला मीटर म्हणून नोंदवून घ्या ना. भिंतीवर टांगून घ्यायची माझी तयारी आहे."

क्षणभर पलीकडे नुसतं टाइप केल्याचा आवाज आला. बहुधा खरंच बघत होता.

"नाही होणार सर. त्यासाठी बिझनेस अकाउंट लागतं. आणि मीटर कधी आम्हाला फोन करत नाहीत."