अंगावर किती, पोटात किती

काल दुपारी शेजारच्या काकू कैऱ्या फोडायचा अडकित्ता परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. स्वयंपाकघरात मधोमध माझी १४ महिन्यांची नात बसलेली. अंगात नुसती चड्डी, पुढ्यात स्टीलची ताटली. वरण कोपरापर्यंत, भात कानामागे, आणि तुपाचा हात डोक्यावरून फिरवून झालेला. काकू म्हणाल्या, "अव माय! सगळं आंगावरच गेलं, पोटात काय गेलं?"

प्रश्न रास्तच आहे. सहा महिन्यांपूर्वी मीही हेच विचारत होते, ते पण काकूंपेक्षा चढ्या आवाजात. म्हणून म्हटलं, लेकराला त्याच्याच हाताने खाऊ का द्यायचं, हे आज सविस्तर लिहूनच टाकावं. माझ्या वयाच्या आज्याच इथे जास्त आहेत.

आधी माझा गुन्हा कबूल करते. माझ्या मुलाला मी साडेतीन वर्षांचा होईपर्यंत हाताने भरवलं. तेव्हा आम्ही नागपुरात अजनीला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. मागच्या व्हरांड्यातून रूळ दिसायचे. मी कालवलेला भात घेऊन उभी राहायची, मालगाडी आली की त्याचा आ वासायचा आणि मी घास आत सारायची. डबे जितके जास्त तितका भात जास्त जायचा. कोळशाची गाडी आली की मला आनंद व्हायचा, कारण ती लांबलचक असायची. गाडी नसली तर काऊ-चिऊ होतेच. वाटी रिकामी झाली की मी जिंकले. त्याला भूक होती की नव्हती, हे मी कधी बघितलं असेल असं वाटत नाही.

आजकालच्या मुली लेकरांसमोर मोबाइल लावून भरवतात म्हणून आपण नाकं मुरडतो. मीही मुरडत होते. मग एक दिवस सून शांतपणे म्हणाली, "आई, तुमची मालगाडी म्हणजे मोबाइलच की." मला राग आला. दोन दिवस आला. पण तिचं म्हणणं काही खोडता येईना. लेकराचं लक्ष दुसरीकडे वळवायचं आणि त्याला न कळता तोंडात घास घालायचा, दोन्हीकडे युक्ती एकच. माझ्या सासूबाईंच्या काळी तर बोंडलं होतं, म्हणजे बाळाला पाजायचं चोचीचं भांडं. पायावर आडवं घ्यायचं, नाक दाबायचं आणि ओतायचं. पोरगं रडायला तोंड उघडणार आणि नेमकं तेव्हाच घशात जाणार. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. लेकरं जगली ही देवाची कृपा.

तर आमच्या नातीचं उष्टावण झालं, मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेने तिच्या पुढ्यात शिजवलेल्या लाल भोपळ्याची बोटभर लांब फोड ठेवायला सुरुवात केली. मी म्हटलं, दात नाहीत तिला. सून म्हणाली, हिरड्या आहेत. नातीने ती फोड मुठीत चिरडली, नाकाला लावली, गालाला लावली. पोटात काहीच गेलं नाही. मी स्वयंपाकघरातून उठून गेले.

त्या महिन्यात घरात बरीच भांडणं झाली. लिहीत बसत नाही.

मग सुनेने मला एक जुना प्रयोग वाचून दाखवला. शिकागोच्या डॉक्टर क्लारा डेव्हिस. त्यांनी नुकतंच दूध सोडलेल्या बाळांपुढे वेगवेगळ्या वाट्यांमधून तीसेक पदार्थ ठेवले आणि त्यांना हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. याचा पहिला अहवाल १९२८ साली छापून आला. पुढे एकूण १५ मुलं झाली. नर्सला सक्त ताकीद होती की चमचा हातात धरून गप्प बसायचं. मुलाने हात पुढे केला किंवा बोट दाखवलं तरच मदत करायची. 'हे खा, ते छान आहे' असं काही म्हणायचं नाही. मुलांनी काय वाट्टेल ते जेवण केलं. एकाची न्याहारी काय, तर कलेजी आणि जवळजवळ अर्धा लिटर संत्र्याचा रस! (नागपूरच्या बाईला यात नवल वाटायला नको.) पण महिन्यांचा हिशेब लावला तर सगळी नीट वाढली. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्यापुढे माशाच्या तेलाचा पेला ठेवलेला असायचा. बरं होईपर्यंत ते बाळ अधूनमधून तो स्वतःहून प्यायलं, आणि हाडं सुधारल्यावर त्याने ते सोडलं.

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे असल्या गोष्टी ऐकल्या की माझी पहिली शंका असते की यात गोम कुठे आहे. गोम आहेच, आणि ती स्वतः डेव्हिस बाईंनीच सांगितली. त्या तीसेक पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. म्हणजे ताटात काय वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि त्यातलं किती खायचं हे लेकराने. समोर क्रीमची बिस्किटं ठेवली आणि म्हटलं 'घे तुझ्या मनाने', तर ते काही खरं नाही.

एवढ्याने मी पुरती वळले असं समजू नका. वळले ती ठसक्याच्या दिवशी. नात दहा महिन्यांची होती. पोळीचा मऊ तुकडा तोंडात गेला आणि तिला उबळ आली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, खो-खो आवाज. मी ओरडून बोट घालायला धावले. सुनेने माझा हात धरला. तीही घाबरलेली होती, हात थरथरत होता, पण सोडला नाही तिने. चार सेकंदांत तुकडा बाहेर आला आणि पोट्टीने तोच उचलून पुन्हा तोंडात टाकला.

लहान बाळांना अशी उबळ जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागात घास असतानाच येते, हे मला नंतर आमच्या डॉक्टरांनी समजावलं. खोकला आहे, आवाज आहे, तर लेकरू स्वतःच ते निस्तरतंय. आपण बोट घातलं तर तुकडा आणखी आत जाईल. भीती बाळगायची ती आवाज बंद झाला तर. श्वास येत नाही, रडू फुटत नाही, ओठ निळसर पडायला लागतात, तो खरा अडकलेला घास. तेव्हा पाठीवर थापा कशा मारायच्या हे घरातल्या प्रत्येकाने डॉक्टरांकडून आधीच शिकून ठेवावं. मी या वयात शिकले. आणि शेंगदाणे, फुटाणे, कच्चं गाजर, मक्याच्या लाह्या, अख्खं द्राक्ष हे लेकराच्या हाती नाहीच. द्राक्ष द्यायचं तर उभं चार भागांत चिरून. संत्र्याच्या फोडीचा पापुद्रा सोलायचा, बिया काढायच्या. बसवायचं ताठ, आणि समोर कोणीतरी हवंच. 'ती खातेय तोवर मी भांडी घासून घेते' हे चालणार नाही.

आता सांडण्याकडे येते. 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणत वाढलेल्या बाईला फरशीवरचा भात बघवत नाही. मला अजूनही बघवत नाही. म्हणून ताटलीत एका वेळी दोनच चमचे वाढते. संपलं की पुन्हा दोन. खाली माझं जुनं सुती लुगडं अंथरते. वर्तमानपत्र घालून पाहिलं होतं, तर पोट्टी वरणाआधी बातम्याच खायला लागली.

नागपूरच्या मे महिन्याचा एक फायदा मला साठीनंतर कळला. लुगड्याबाहेर सांडलेला भात लगेच पुसायला जाऊ नका. ओल्या फडक्याने तो नुसता लिंपला जातो. पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. या उन्हाळ्यात शितं सुकून खडखडीत होतात, झाडूने एका फटक्यात गोळा. जुलैत ही युक्ती चालणार नाही, तेव्हा मुंग्या तुमच्या आधी येतील. आणि हळदीचे डाग? साबण लागला की ते लाल होतात, घाबरू नका. धुऊन गच्चीवर कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे.

भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "आजी, रोज असंच असन तर मी पैसे वाढवून घेईन." बरोबर बोलल्या. त्यांचे पैसे वाढवले, आणि घरात नियम केला की रविवारी, मावशींच्या सुट्टीच्या दिवशी, पुसायचं काम मुलाचं. कारण 'खाऊ दे ना गं तिला तिच्या हाताने' असं सोफ्यावरून सगळ्यात जास्त तोच म्हणायचा. माझं मत विचाराल तर जो पुसत नाही त्याला या विषयावर मतच नसावं. कित्येक आया भरवतात त्या लेकराच्या काळजीने नाही, तर नंतरच्या पसाऱ्याच्या धास्तीने. त्यांच्या मागे ऑफिस असतं, डबे असतात, दुसरं लेकरू असतं. त्यांना कोणी सल्ला देऊ नये, फडकं द्यावं.

मी अजिबात भरवत नाही असं नाही. ताप असला, झोप अनावर झाली की मांडीवर घेऊन भरवते. तेव्हा तिलाही ते हवं असतं. फक्त तिने तोंड फिरवलं की वाटी खाली ठेवते. पहिले काही महिने हे मला फार जड गेलं. अर्धी वाटी उरलेली बघून हात शिवशिवायचा.

काकूंना मी एवढं सगळं कुठे सांगत बसणार? त्यांना म्हटलं, बसा, बघा. नातीने एक शीत चिमटीत धरलं, अंगठा आणि पहिलं बोट, एखाद्या सोनारासारखं. जिभेवर ठेवलं. मग दुसरं. तिसरं काकूंच्या साडीला लावलं. काकू म्हणाल्या, "चिमटी बरी जमून राहिली हो पोट्टीला." आणि चहा घ्यायला थांबल्या.

ज्याला मालगाडी दाखवून भरवलं तो माझा मुलगा आज ३४ वर्षांचा आहे. चार पावलांवर कुकर असतो, पण अजून ताटावर बसून हाक मारतो, "आई, भात वाढ ना."

उद्या रविवार. गोळाभात आणि कढी करणार आहे. नातीला कढी वाटीतून नाही, हातानेच खायची असते. लुगडं धुऊन वाळत टाकलंय, आणि पुसायचं फडकं मुलाच्या खुर्चीवर ठेवलंय.