मधली सीट

माझं वजन चौऱ्याहत्तर किलो आहे. निदान गेली बारा-तेरा वर्षं मी प्रत्येक फॉर्मवर तेच लिहितोय आणि आजवर कुणाची शंका घ्यायची हिंमत झाली नव्हती. ती झाली जुहूच्या विमानतळावर एका तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीची. तिने माझ्या फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर पेनने कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे खूण केली. "सर, प्लीज."

पण ते नंतर. आधी हे सांगायला हवं की मी तिथे पोचलो कसा, आणि त्याला जबाबदार आमचे बाबा.

माझा जन्म सप्टेंबर १९७२ चा. मी दोन दिवसांचा असताना, म्हणजे २४ तारखेला, रविवार होता, बाबा आईसाठी अळीवाची खीर घेऊन पार्ल्याच्या प्रसूतिगृहात निघाले आणि वाटेत कुणीतरी सांगितलं की जुहूला भलंमोठं विमान उतरलंय. जपानचं डीसी-८, चार इंजिनांचं जेट, आणि जुहू म्हणजे फ्लाइंग क्लबच्या चिमुकल्या विमानांची जागा, १९२८ पासूनची. पायलटला वरून जुहूचा रनवे सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाचाच वाटला म्हणे. रनवे संपला तरी विमान थांबेना, तसंच पुढे गेलं, नशीब की कुणाच्या जिवावर बेतलं नाही. (हा घोटाळा करणारे ते पहिले नव्हेत हां, १९५३ मधे एक कॉमेट विमान असंच चुकून जुहूला उतरलं होतं, ते नंतर तिथूनच उडवून परत नेलं.) तर बाबा डबा घेऊन थेट जुहूला. तिथे गर्दी एवढी की त्यांना फक्त शेपूट दिसली, ती बघत ते दोन तास उभे राहिले आणि मग प्रसूतिगृहात उगवले. थंड झालेल्या अळीवाच्या खिरीचं काय होतं हे ज्यांनी खाल्लीय त्यांनाच कळेल, चमचा त्यात उभा राहतो. आई पुढची चाळीस वर्षं ही गोष्ट सांगायची आणि दरवेळी शेवटी माझ्याकडे बघून म्हणायची, "आणि हा त्याच दिवसांतला."

तेव्हा मी असा झालो यात माझा दोष नाही.

मी दहा वर्षांचा असताना जेआरडी टाटा परत एकदा कराचीहून मुंबईला एकट्याने विमान उडवत येणार अशी बातमी आली. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी टपाल घेऊन याच मार्गाने पहिलं उड्डाण केलं होतं, त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर! आमच्याकडे अठ्ठ्याहत्तरचे आजोबा गॅलरीतून संडासापर्यंत जायचे तर दोन माणसं लागायची. शुक्रवार होता, बाबांनी शाळेत माझ्या पोटदुखीची चिठ्ठी पाठवली आणि आम्ही जुहूला.

आणि इथे माझ्या आयुष्याची दिशा ठरली. विमान आलं तेव्हा माझ्यापुढे चॉकलेटी सफारीतला एक माणूस होता. तो सफारी आजही डोळ्यासमोर आहे, पाठीवर घामाचा नकाशा, साधारण श्रीलंकेसारखा, आणि मागच्या खिशातून डोकावणारा काळा कंगवा, ज्याचे तीन दात तुटलेले. मी डावीकडे सरकलो की तो डावीकडे, मी उजवीकडे की तो उजवीकडे. बाबांची कंबर धरलेली, त्यामुळे खांद्यावर घ्यायचा प्रश्न नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "दिसलं ना रे?" मी म्हटलं, "दिसलं." काय करणार, एवढी पोटदुखीची चिठ्ठी लिहिली होती त्यांनी. बाबा पुढे सगळ्यांना सांगायचे की पोराने टाटांचं ते बत्तीस सालचं विमान पाहिलं. त्यावर मी दरवेळी सांगायचो की बत्तीसचं होतं पुस मॉथ, ब्याऐंशीचं लेपर्ड मॉथ, दोन्ही डी हॅविलंडची असली तरी वेगळी. न पाहिलेल्या विमानाबद्दल इतक्या चुका दुरुस्त करणारा मुंबईत मी एकटाच असेन.

आमचे धाकटे काका विमानांच्या वर्कशॉपमधे होते, तरुणपणी डाकोटावर काम केलेलं. ते म्हणायचे, डाकोटाच्या इंजिनातून तेल गळताना दिसलं नाही तर चढू नये, याचा अर्थ तेल संपलंय. त्या इंजिनांचे सिलेंडर गोलाकार, फुलाच्या पाकळ्यांसारखे लावलेले, त्यामुळे विमान उभं असलं की तेल झिरपून खालच्या सिलेंडरांत साचतं. तसंच स्टार्ट केलं तर आत काहीतरी वाकणारच, म्हणून आधी पंखा हाताने फिरवून बघायचा. रिटायर झाल्यावर काका घरातला मिक्सरही असाच, आधी पातं हाताने दोनदा फिरवून मग लावायचे. काकू म्हणायच्या, यांच्यामुळे चटणीला उशीर होतो. पण तो मिक्सर एकोणीस वर्षं टिकला.

विमानवाहू युद्धनौका विक्रांत म्युझियम होती तोवर मी तिकडे दोनदा गेलो, दोन्ही वेळेला माझ्यापुढे शाळेची सहल. मग २०१४ मधे ती भंगारात गेली आणि तिच्या पोलादाचा अंश असलेली बजाजची बाईक निघाली. आमच्या सोसायटीत एकाकडे आहे. मी येताजाता तिच्या टाकीवर हात फिरवतो. त्याला वाटतं मला बाईक घ्यायचीय, दोनदा किंमत सांगून झालीय.

आता मरीन ड्राइव्ह. जानेवारी २०२४ मधे हवाई दलाचा एअर शो झाला, १२ ते १४ तारीख. मी रविवारी गेलो, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, बायकोला घेऊन. तिला विमानांचा राग आहे, कारण आमची बिल्डिंग फनेल झोनमधे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली येते, उंचीची परवानगी मिळत नाही आणि रिडेव्हलपमेंट अकरा वर्षं लटकलंय. "ज्यांच्यामुळे आपल्याला लिफ्ट नाही त्यांना बघायला उन्हात उभं राहायचं?" असं म्हणत ती आली, पण आली, तिळाच्या वड्याही आणल्या.

दुपारचं डोक्यावरचं ऊन, अख्खी मुंबई कठड्यावर, आणि माझ्यापुढे कोण, तर बापाच्या खांद्यावर बसलेलं एक गुबगुबीत पोर, त्याच्या हातात फुगा. विमानाच्या आकाराचा. मी आजूबाजूच्यांना सांगत होतो की आवाजाकडे बघू नका, आवाज मागून येतो, विमान दोन किलोमीटरवर असेल तर आवाजाला पोचायला सहा सेकंद लागतात, तेवढ्यात ते किलोमीटरभर पुढे गेलेलं असतं, तेव्हा आवाजाच्या पुढे बघा. कुणी ऐकलं नाही. शेजारच्या एका आजोबांनी मात्र ऐकलं आणि म्हणाले, "विमानाचं आम्हाला काय सांगता, राइट बंधूंच्या आधी, १८९५ ला, इथेच चौपाटीवर आपल्या तळपद्यांनी उडवलंय."

मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, आजोबा, त्याचा धड पुरावा नाही, आणि ज्याचा दाखला देतात त्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या संस्कृत ग्रंथातल्या विमानांची बंगलोरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेच्या लोकांनी १९७४ मधे तपासणी केलीय, त्यातलं एकही उडू शकत नाही. ते म्हणाले, बंगलोरवाले असंच म्हणणार. मी म्हटलं, इथे बंगलोरचा काय संबंध? ते म्हणाले, तुमचं आडनाव काय? वाद असा रंगात आला असताना डोक्यावरून आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला, लोक किंचाळले, बायकोने माझा दंड धरला आणि मी वर बघेपर्यंत सुखोई मलबार हिलच्या पलीकडे. आजोबांनी पूर्ण पाहिलं. ते वाद घालताना वर बघत होते.

हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची नऊ विमानं एकमेकांना चिकटून कशी उडतात याचं लोकांना फार कौतुक, पंखाला पंख लागेल इतकी जवळ. आम्ही विरार फास्टमधे यापेक्षा जवळ उभे असतो, धूर न सोडता. पण नऊच्या नऊ मी पाहिली. म्हणजे सात, दोन फुग्यामागे होती.

हे सगळं मुलीने तिच्या आईकडून ऐकलं आणि बावन्नाव्या वाढदिवसाला मला हेलिकॉप्टर राइड दिली, जुहूहून दहा मिनिटं, दोघांसाठी. पाऊस संपेपर्यंत थांबून आम्ही नोव्हेंबरमधे गेलो. रिक्षात मी हिला समजावत होतो की लहान विमानात आणि हेलिकॉप्टरमधे कोण कुठे बसतं हे फार महत्त्वाचं, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी म्हणून असते, वजन एका बाजूला गेलं की तोल जातो, म्हणून आधी सगळ्यांचं वजन करतात आणि त्याप्रमाणे सीट देतात. ही म्हणाली, "मग तुमचं कठीण आहे."

तर काटा. आकडे लाल आणि इतके मोठे की पार्किंगमधून दिसावेत. मी चढलो. ही म्हणाली, "अहो, बूट काढा, बूट." मी बूट काढले, किल्ल्या काढल्या, पाकीट काढलं, मोबाइल हिच्याकडे दिला, पट्टाही काढणार होतो पण रांगेत एक नवं जोडपं होतं. ८८.४. त्या मुलीने मागे वळून हाक दिली, "एटी-एट पॉइंट फोर, मिडल!" एवढ्या मोठ्याने तर रेशनच्या दुकानातसुद्धा वजन सांगत नाहीत.

मिडल म्हणजे मागच्या तिघांतली मधली. आमच्यासमोर उलट्या तोंडाने दोन सीट असतात, तिथे ते नवं जोडपं, त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागलेले. डावीकडे एक गृहस्थ, ज्यांनी बसल्याबसल्या सगळी काच मोबाइलने झाकून टाकली. आणि उजवीकडे, खिडकीशी, अख्ख्या मुंबईत ज्या एका व्यक्तीला बाहेर बघायचं नव्हतं ती. पंखा फिरायला लागला तसे हिने डोळे घट्ट मिटले आणि स्वामींचा जप सुरू केला. मी खुणेने सांगितलं, जागा बदलूया. पायलटजवळ उभ्या माणसाने मला खुणेने सांगितलं, हलायचं नाही. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, दुसरं काय.

दहा मिनिटं मी त्या जोडप्याच्या सेल्फी बघितल्या. त्यांच्या मोबाइलच्या मागच्या कव्हरवर "मेड फॉर ईच अदर" लिहिलं होतं, ते मला पाठ झालं. समुद्र आहे हे मला त्या मुलीच्या गॉगलमधे दिसलं. वरळीच्या सी-लिंकच्या तारा म्हणून मी ज्यांच्याकडे भारावून बघत होतो ते शेजारच्या गृहस्थांचे कानावर आलेले केस निघाले. हिने पूर्ण वेळात एकदाच डोळे उघडले, परत उतरताना, जेमतेम दोन सेकंद, बाहेर बघितलं, माझ्याकडे बघून काहीतरी ओरडली आणि परत मिटले. पंख्याच्या आवाजात मला काही कळलं नाही.

खाली उतरल्यावर विचारलं, काय दिसलं गं?

"आपली बिल्डिंग. गच्चीवरच्या टाकीला झाकण नाहीये. कबुतरं बसलीत कडेला. आणि हे सेक्रेटरी सांगतात टाकी मागच्या महिन्यात साफ केली."

त्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. हिने हेलिकॉप्टरमधून प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगितल्यावर कमिटीला बोलायला तोंड उरलं नाही, झाकण तीन दिवसांत बसलं. सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हीपण बघितलंत का खरंच?"

मी म्हटलं, "दिसलं."