अवॉर्डवाला आहे? मग नको!

आज ऑफिसात डबा खाताना डोकं फिरलं. संध्याकाळपर्यंत शांत होईल म्हटलं, झालं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

ऑस्करचा विषय निघाला, भारतातर्फे दरवर्षी एक पिक्चर पाठवतात त्याचा. आमच्यातले एक सीनियर सर, वयाने मोठे, एरवी भला माणूस, पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "मराठीवर कायम अन्याय होतो. आपला एक पिक्चर पाठवत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, सर, यंदा कुठला पाठवायला हवा होता? तर म्हणे, "तो नाही का, अमेरिकेत जिंकला तो. निवडुंगाचा." मी म्हटलं, बघितलात? "छे! अवॉर्डवाला आहे तो. संथ असणार."

निवडुंगाचा! अन्याय झालाय, पण कुणावर झालाय त्याचं नाव माहीत नाही.

'साबर बोंडं' नाव आहे हो त्याचं, म्हणजे निवडुंगाची फळं. रोहन परशुराम कानवडे यांचा. २०२५ च्या सनडान्समध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये, परदेशी कथापटांच्या विभागातलं सगळ्यात मोठं बक्षीस, ग्रँड ज्युरी प्राइझ, मिळवलेला. तेव्हा तुमच्या-माझ्या सगळ्या ग्रुपवर अभिमानाचा पूर आला होता. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर भगवे झेंडे, टाळ्या, 'मराठी पाऊल पडते पुढे' वगैरे. सप्टेंबरात पिक्चर थिएटरला लागला, १९ तारखेला, 'जॉली एलएलबी ३' लागला त्याच शुक्रवारी. मी त्याच ग्रुपवर टाकलं, कोण येतंय? एकोणतीस माणसांचा ग्रुप. निळ्या टिका सगळ्यांच्या. उत्तर एकाचंच, तेही अंगठा.

मग मी आईला घेऊन गेले. आई तेव्हा गावाहून आली होती, गुडघा दाखवायला. शो सकाळी पावणेदहाचा. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सांना सांगितलं होतं की दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान मराठी पिक्चरला एक तरी शो द्या. केवढी भांडणं झाली होती त्यावरून. आणि आमच्या वाट्याला आला पावणेदहा. आई सात वाजताच साडी नेसून, केसाला तेल लावून तयार, एसटी पकडायची असल्यासारखी.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, मॅडम, तुमची धरून चारच तिकिटं आहेत. निदान सहा-सात तरी व्हायला पाहिजेत, नाहीतर शो कॅन्सल होईल. दुसरं एक जोडपं होतं, साठीचं, ते बाकावर बसून आमच्याकडे बघत होतं. मी आईकडे बघितलं. तेल लावलेली आई. आणि आणखी तीन तिकिटं काढली. कुणासाठी? कुणासाठीच नाही.

आईला आत गेल्यावर कळलं. "रिकाम्या खुर्च्यांना पैसं दिलंस?" थोडा वेळ गप्प बसली, मग हातातली पिशवी उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. "पैसं दिलंत ना, मग बसू दे तिला."

तर आजचे आमचे सर. त्यांना वाटतं मराठी पिक्चर ऑस्करला पाठवतच नाहीत. २००४ ला 'श्वास' गेला, २००९ ला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', २०१५ ला 'कोर्ट'. 'श्वास'च्या ऑस्करच्या प्रचारासाठी आम्ही कॉलेजात डबा फिरवून वर्गणी काढली होती, मी स्वतः दहा रुपये टाकले होते आणि ते वडापावाचे होते. 'कोर्ट' तर व्हेनिसच्या फेस्टिव्हलला दोन बक्षिसं घेऊन आला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, मग गेला. तो तरी किती जणांनी बघितला? त्यातल्या लोकशाहिराचं काम केलेले वीरा साथीदार २०२१ मध्ये कोरोनात गेले, तेव्हा पुन्हा ग्रुपवर श्रद्धांजली. झेंड्याऐवजी हात जोडलेले, एवढाच फरक.

२०२५ ला 'होमबाउंड' पाठवला. ते जाहीर झालं तेही त्याच शुक्रवारी, १९ सप्टेंबरला. दिग्दर्शक नीरज घेवान. आडनाव जरा वाचा, मराठी घरातलाच माणूस आहे. पिक्चर हिंदी आहे, ठीक. मला 'साबर बोंडं' गेला असता तर आवडलं असतं, पण 'होमबाउंड' पाठवला म्हणून गळा काढण्यासारखं काही नाही, चांगला पिक्चर आहे. त्याआधीच्या वर्षी फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलमध्ये ग्रां प्री हे मोठं बक्षीस मिळवलेला पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' सोडून 'लापता लेडीज' पाठवला होता, तेव्हा मात्र मी दोन दिवस बडबडत होते. आपल्या मराठी अभिनेत्री छाया कदम दोन्हींत होत्या, तेवढंच समाधान.

पण निवड समितीवर तोंडसुख घ्यायचा हक्क तिकीट काढणाऱ्याला. हे माझं मत. पटत नसेल तर नका पटवून घेऊ.

आणि 'अवॉर्डवाला म्हणजे संथ' हे कुणी शिकवलं आपल्याला? 'सैराट' आधी बर्लिनच्या फेस्टिव्हलला दाखवला होता. रिंकू राजगुरूच्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कारांत उल्लेख झाला, तेव्हा आपण तिला पडद्यावर बघितलंही नव्हतं. नंतर थिएटरात लोक नाचले. मग तो अवॉर्डवाला नव्हता का? नागराज मंजुळ्यांच्या 'फँड्री'त पोराने शेवटी थेट आपल्याकडे भिरकावलेला दगड आठवतो ना? तो काय संथ होता?

बरं, खोटं कशाला बोलू, काही पिक्चर खरंच रटाळ असतात. फिल्म फेस्टिव्हलला एकदा मी घोरलेय, नवरा साक्षीदार आहे. थिएटरवाल्याचंही गणित कळतं, रिकाम्या खुर्चीला पॉपकॉर्न विकता येत नाही. आणि आठवडाभर आधी लागलेला 'दशावतार' लोकांनी डोक्यावर घेतला, ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांसाठी रांगा लागल्या, म्हणजे मराठी माणूस घराबाहेर पडतच नाही असंही नाही. मान्य. पुढे.

'साबर बोंडं' संथ आहे का? आहे. वडील गेलेत, मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी आलाय. नातेवाईक घरात, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, लग्न कधी? त्याला लग्न करायचं नाही. त्याला बायका आवडत नाहीत. हे त्याच्या आईला माहीत आहे. वडिलांनाही होतं. गावात लहानपणचा मित्र आहे, बाळ्या, त्याच्याही मागे घरचे लग्नासाठी लागलेत. बास. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी बसून राहतो, सुतकातल्या घरात आपण बसतो तसा. सुतकाचं घर कुठे पळत असतं? दहा दिवस नुसते बसायचेच असतात. भूषण मनोज आणि सूरज सुमन ही दोन पोरं इतकं कमी बोलून इतकं सांगतात, की मला माझ्या आवडत्या मालिकांची लाज वाटली. (दुसऱ्या दिवशी परत लावली, तो भाग वेगळा.)

मला भीती होती आईची. दोन पुरुष एकमेकांजवळ येतात हे तिला कसं वाटेल. आधी सांगितलं नव्हतं, तेही चूकच. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. तिचं सगळं लक्ष सुतकात. मधूनच मोठ्याने, "आपल्याकडंबी असंच." पडद्यावर ती लाल बोंडं आली तेव्हा माझा हात धरला आणि कुजबुजली, "ह्याची कुसळं वाळूत घासून काढायची, नाहीतर जिभेत बसत्यात." मागच्या जोडप्यातल्या काकू हसल्या. त्यांनाही माहीत असणार.

त्या दोघांच्या प्रसंगांना आई काहीच बोलली नाही. पदर तोंडाशी धरून बघत राहिली.

हे लिहितानाच सरांवरचा राग कमी झालाय. त्यांची आई दोन वर्षं अंथरुणावर आहे, थिएटरला कधी जाणार ते? पण मग 'संथ असणार' म्हणू नका ना. 'जमलं नाही' म्हणा. त्यात कमीपणा कसला?

त्या फॅमिली ग्रुपवरचा राग मात्र तसाच आहे. पुढच्या शुक्रवारी तो पिक्चर त्या थिएटरातून गेला होता. परवा त्यातल्याच एकाने विचारलं, "ओटीटीवर आला की लिंक टाक." मी अंगठा दिला.

त्या दिवशी थिएटरातून परत येताना रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्या बाईनं पोराला बरं सांभाळलं गं." मी हूं म्हटलं. मग तिने गावातल्या एकीचं नाव घेतलं. तिचा मुलगा चाळिशीला आलाय, लग्न केलं नाही, दर दिवाळीला सगळे त्याला टोचतात, आईसुद्धा टोचायची. "तो असाच असंल का गं?"

म्हटलं, मला काय माहीत आई. असेलही.

सिग्नल लागला. तिने मांडीवरची पिशवी सारखी केली.

"तीन तिकिटं होती ना जास्तीची. एकीवर तिला बसवलं असतं, एकीवर त्याला. तिसरीवर पिशवी राहिलीच असती."