कोर्टाची टायपिंगची चूक लोकांनी का निस्तरायची?

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहायला बसलेय. लांबेल, पण पूर्ण वाचा.

आज एका कचेरीत रांगेत उभी होते. माझ्या पुढे सत्तरीचे एक गृहस्थ, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली कोर्टाच्या ऑर्डरची नक्कल. त्यात वडिलांचं नाव सगळीकडे बरोबर आणि नेमकं शेवटच्या पानावर चुकलेलं. खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवला. "जज्जांची सही झाली की यात काही बदलत नाही. अपील करा." नावातल्या दोन अक्षरांसाठी अपील! ते गृहस्थ "बरं" म्हणाले आणि निघाले. पायऱ्यांवर गाठून मी त्यांना जे सांगितलं, तेच इथे सांगतेय.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908. कलम 152. निकालात, हुकूमनाम्यात किंवा ऑर्डरमध्ये लिहिण्याची चूक असेल, बेरीज-वजाबाकीची चूक असेल, अनवधानाने काही राहून गेलं असेल, तर ते कोर्ट केव्हाही दुरुस्त करू शकतं. केव्हाही! मुदत नाही. आणि तुमच्या अर्जावरच नव्हे, स्वतःहूनही. सही झाल्यावर निकाल बदलता येत नाही हे खरं, पण त्याच नियमात, म्हणजे आदेश 20 नियम 3 मध्ये, कलम 152 चा अपवाद स्पष्ट लिहिलाय. फौजदारीतही तेच आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 362, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 403. हे खिडकीत बसणाऱ्याला ठाऊक नसेल तर निदान त्याने छातीठोकपणे खोटं सांगू नये.

मला हे कसं माहीत? आत्यामुळे.

आत्याचं गोव्यात फोंड्याकडे कुळागर, म्हणजे बागायत, आहे. माड-पोफळी, मधून जाणारा पाट, मिरीचे वेल. नवऱ्याच्या माघारी तिने ते एकटीने सांभाळलं आणि हद्दीवरून दावा झाला तेव्हा कोर्टातही एकटीच गेली. निकाल तिच्या बाजूने लागला. घरी पेढे वाटले. आणि मग तो हुकूमनामा घेऊन ती मामलेदार कचेरीत म्युटेशनसाठी, म्हणजे फेरफार नोंदीसाठी, गेली, तर उत्तर आलं, "ऑर्डर सुदारून हाडात, मागीर पळोवया." ऑर्डर सुधारून आणा, मग बघू! निकालाच्या अंगात सर्व्हे नंबर प्रत्येक ठिकाणी बरोबर होता. शेवटच्या परिच्छेदात, जिथे कोर्ट प्रत्यक्ष हुकूम देतं, तिथे मात्र पोटविभाग 4 चा 14 झाला होता. हुकूमनामा त्याच परिच्छेदावरून उतरवतात, त्यामुळे तिथेही 14. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आपल्या गोव्यातल्या सातबारावर, तो पोटविभाग 14 म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी भातशेती! कोर्टाच्या कागदाप्रमाणे आत्या एका परक्या शेताची मालकीण आणि स्वतःच्या कुळागरात कुणीच नाही.

त्यानंतर तिला मिळालेले सल्ले आठवले तरी अंगाची लाही होते. एक म्हणाला अपील. दुसरा म्हणाला रिव्ह्यू, म्हणजे त्याच कोर्टाकडे फेरविचाराचा अर्ज, पण त्याची 30 दिवसांची मुदत टळली, आता उशिराची माफी मागावी लागेल. तिसऱ्याने तर नवा दावाच लावा म्हणून सांगितलं, आणि फीसुद्धा सांगून टाकली. नवा दावा! जिंकलेल्या बाईने, एका आकड्यासाठी! दुकानदाराने बिलाची बेरीज चुकवली तर गिऱ्हाईक त्याच्यावर खटला भरतं का? बिल पुढे करून "ही बेरीज बघा" म्हणतं.

शेवटी फोंड्यातल्या एका तरुण वकिलीणबाईंनी नक्कल वाचली. नीट, पहिल्या पानापासून. दीड पानी अर्ज केला. कुठल्या परिच्छेदात कुठल्या ओळीत काय छापलंय, काय हवं होतं, आणि बरोबर नंबर दाव्यात, उताऱ्यात आणि निकालातच कुठे कुठे आहे. बस्स. समोरच्या पक्षाला नोटीस गेली.

सुनावणीला मी आत्यासोबत होते. जज्जसाहेबांनी जुनी फाइल मागवली, पानं उलटली, तो परिच्छेद स्वतः मोठ्याने वाचला आणि 14 वर पेन्सिल टेकवली. समोरच्या वकिलांना विचारलं, हरकत? त्यांनी मान हलवली, हरकत नाही. संपलं. पुढचं प्रकरण पुकारलं. बाहेर व्हरांड्यात आत्या मला म्हणाली, "बाय, इतलेंच?"

एवढंच होतं. आणि एवढ्यासाठी त्या बाईने झोप घालवली होती, कुळागर विकून टाकूया म्हणायला लागली होती.

आता मला म्हणाल, असं सहज बदलायला लागलं तर लोक निकालच फिरवून घेतील. ठीक आहे, तसे महाभाग आहेत. म्हणूनच हे कलम फक्त हातून निसटलेल्या चुकीपुरतं आहे. हिस्सा अर्ध्याचा पाऊण करून द्या, विसरलेलं व्याज आता द्या, हे त्यात बसत नाही. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका प्रकरणात हेच बजावलंय. पण 4 चा 14 हा वादाचा मुद्दाच नाही ना! दाव्याच्या कागदात तुमच्याच बाजूने चूक झाली असेल तर मामला थोडा नाजूक होतो, तिथे दावादुरुस्तीही मागावी लागू शकते. आणि अपिलात निकाल लागून गेला असेल तर कुठल्या कोर्टात जायचं ते वकिलाला विचारा.

स्टेनोंवर माझा राग नाही, खरंच नाही. दिवसभर श्रुतलेखन घेऊन संध्याकाळी तीच पानं टाइप करायची, जुन्याच फाइलवर नवी फाइल चढवायची, त्यात आपल्या गोव्यातली नावं. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पद्धतीचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. चूक होणारच. शिरस्तेदारही माणूसच.

राग आहे तो पुढच्या वागण्याचा. चूक कोर्टाच्या घरात झाली, कायदा कोर्टाला स्वतःहून सुधारायची मुभा देतो, मग म्हाताऱ्या माणसाने नकलेसाठी, अर्जासाठी, वकिलासाठी का पैसे मोजायचे? कोर्टाच्या कृतीने कुणाचं नुकसान होऊ नये, हे तत्त्व वकील भाषणात लॅटिनमध्ये म्हणून दाखवतात. ते खिडकीपर्यंत पोचू दे की! नावं, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि रकमा एवढ्याचा एक कागद सहीआधी दोन्ही वकिलांना दाखवला तर काय बिघडेल? पाच मिनिटांचं काम आहे. आणि वकिलांनो, निकाल जिंकल्याचा फोटो टाकण्याआधी शेवटचा परिच्छेद वाचा. ऑर्डर इंग्रजीत असते. आपल्या गावातली कितीतरी माणसं ती वाचूच शकत नाहीत, तुमच्या भरवशावर कपाटात ठेवतात.

तुमच्याही कपाटात असेल. आज काढा. घरातल्या शिकणाऱ्या पोराला शेजारी बसवा आणि शेवटचं पान एक-चौदाशी, दाखल्यांशी, आधारशी ताडून बघा. अलीकडची ऑर्डर ईकोर्ट्सच्या साइटवर केस नंबर घालून मोबाईलवरही बघता येते. चूक दिसली तर पेनाने स्वतः काही सुधारू नका, नकलेवर खाडाखोड झाली की वेगळंच लचांड. वकिलाकडे जा आणि कलम 152 चा अर्ज म्हणून नाव घेऊन सांगा. तो अपील म्हणाला तर का, ते विचारा. उत्तर पटलं नाही तर दुसरा वकील गाठा.

आत्याच्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. नावं-नंबर झाकून पाठवते, ज्यांना हवी त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा.